दुपारचं पाणी

सकाळी कूलर थांबला तेव्हा मी सासूबाईंना कुशीवर वळवून त्यांच्या पाठीला पावडर लावत होते. आधी आतल्या पाण्याची झुळझुळ थांबली, मग पात्यांची घरघर मंदावत गेली आणि खोली एकदम मुकी झाली.

“लाइन गेली काय वं, प्रणिता?”

“गेली वाटतं, आई. येईल आत्ता.”

मे महिन्यात अकोल्याला लाइट जाण्याचं कोणाला नवल नव्हतं. मी त्यांचा गाऊन सारखा केला, उशी पालथी घातली आणि खिडकी उघडायला गेले. तेव्हा ध्यानात आलं, की भिंतीपलीकडे इंगोले काकूंचा कूलर चालू आहे. समोरच्या घरात कोणीतरी मिक्सर लावला होता. लाइट फक्त आमची गेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. जामनगरहून माझा नवरा, प्रफुल्ल. तिथल्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. वर्षातून दोनदा घरी यायचा. एरवी घरात सासूबाई आणि मी. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

“गेली ना लाइट?”

“हो, आत्ताच. तुम्हाला कसं कळलं?”

“मीच बंद केली.”

मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलेसुद्धा. तो हसला नाही.

“आता नीट सांग,” तो म्हणाला. “दुपारी घरात कोण येतं?”

आमची रो-हाऊसची कॉलनी गावाबाहेर नवीनच वसलेली. बिल्डरनं सगळ्या घरांना स्मार्ट मीटर बसवून दिले, तेव्हा कॉलनीच्या ऑफिसातले गोपनारायण साहेब आम्हा सगळ्यांना बोलावून पडद्यावर चित्रं दाखवत होते. कोणत्या वेळी किती वीज जळाली ते मोबाइलवर दिसेल. बाहेरगावी गेलात आणि मोटर चालूच राहिली, तर तिथूनच घराची लाइट बंद करता येईल. एक म्हातारे गृहस्थ उभे राहून म्हणाले, “म्हणजे बटण आमच्या घराचं नि बोट भलत्याचं. उद्या कोणी बसल्या जागी लाइट कापली तं?” सगळे हसले. प्रफुल्ल सगळ्यांत मोठ्यानं हसला. “काका, बोट मालकाचंच राहणार आहे,” तो म्हणाला. मालक म्हणजे ज्याच्या नावावर घर, त्याचा नंबर. माझा नंबर त्यात कुठेच नव्हता. असावा असं मलाही कधी वाटलं नाही.

“कोण येणार दुपारी?” मी म्हणाले. “कोणी येत नाही.”

“मग मीटर उडी कशाला मारतं? रोज पाहतो मी. कूलरचं किती जळतं ते मला माहीत आहे. त्याच्यावर मोटर लागते. मशीन लागते. सकाळी टाकी भरलेली असते, तरी भरदुपारी पाणी चढवतेस. दुपारी आंघोळ कोणाला लागते?”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी डावा हात, तेवढाच हात चालायचा, पुढे करून माझी ओढणी मुठीत धरली आणि मान हलवली. नाही. नको.

लकवा मारून त्यांना वर्ष होत आलं होतं. उजवं अंग गेलं, जीभ राहिली. दोन महिन्यांपासून मात्र दुपारच्या जेवणानंतर त्यांना कळायचंच नाही. झोपेतच सगळं व्हायचं. जाग यायची आणि त्या तोंड भिंतीकडे करून पडायच्या. पंचफुलाबाईंच्या घरात चुलीपुढचा ठिपकासुद्धा दिसत नाही, असं मूर्तिजापूरला त्यांच्या आळीत म्हणत. पाहुण्यांचा पेला त्या राखेनं दोनदा घासायच्या. अशा बाईवर ही वेळ. पहिल्या दिवशी मी चादर बदलली तेव्हा त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. “पफुल्लले सांगू नको. पोरीले सांगू नको. कोनालेच नाई. मी मेल्यावरही नाई.”

मी वचन दिलं. टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं, त्यानं म्हातारीचं अंग कसं धुणार? म्हणून मी मोटर लावून बोअरचं ताजं गार पाणी बादलीत घ्यायचे, त्यांना धुऊन पुसून कोरडं करायचे, चादर मशीनला टाकायचे, फरशी फिनाइलनं पुसायचे. चहाच्या वेळी कोणी आलंच तर घरात साबणाचा वास. बस.

“कपडे धुते मी दुपारी,” मी फोनवर म्हणाले.

“दोन बायांचे कपडे? रोज?” तो म्हणाला. “आईला दे फोन.”

मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडाशी धरला.

“आई, दुपारी कोण येतं घरी?”

“मले काय ठाव बाप्पा,” सासूबाई म्हणाल्या. “मी तं निजून रायतो.”

“पाण्याचा आवाज येतो का न्हाणीतून?”

त्यांनी नजर फोनवरच ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. “येते,” म्हणाल्या.

“झालं तर,” प्रफुल्ल म्हणाला. “प्रणिता, कबूल कर. कबूल केलं की चालू करतो.” आणि फोन ठेवला.

“आई, असं काहून बोललात?” मी विचारलं.

“खोटं का बोललो? येते ना आवाज.” मग जरा मवाळ होऊन म्हणाल्या, “तापला हाय तो. संध्याकाळलोक करते चालू. माहा पोरगा हाय, मी जानतो.”

मी ओढणी डोक्यावर घेऊन कॉलनीच्या ऑफिसात गेले. आत एसी चालू होता. गोपनारायण साहेब भला माणूस, उठून उभे राहिले, खुर्ची दिली, कॉम्प्युटरवर आमचं घर काढलं.

“मीटर ठीक आहे मॅडम. बिलही भरलेलं आहे. ग्राहकाच्या विनंतीवरून बंद, असं दाखवतंय.”

“त्या घरात मी राहते.”

“राहता तुम्ही. पण ग्राहक साहेब आहेत.”

“घरात लकव्याची पेशंट आहे. त्यांचीच आई आहे.”

त्यांनी माझ्यासमोर प्रफुल्लला फोन लावला. “हो साहेब… नाही साहेब, तसं नाही… बरोबर आहे साहेब,” एवढंच बोलले. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं, खालपासून वर. मग नजर काढून घेतली. “घरातली बाब आहे म्हणतात. मला त्यात पडता येत नाही. थंड पाणी घ्या तुम्ही.”

घरी परतले तर सासूबाईंची मान घामानं उशीला चिकटली होती. मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. पुठ्ठ्याचा आवाज ऐकून की काय, इंगोले काकू अंगणाच्या भिंतीवरून डोकावल्या. लाइट नाही एवढंच मी सांगितलं. त्यांनी काही न विचारता लांब वायर भिंतीवरून टाकली, मी टेबलफॅन लावला. सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांचा श्वास जरा शांत झाला. मला वाटलं, चला, संध्याकाळ तरी गाठू.

दुपारच्या जेवणाआधी त्याचा पुन्हा फोन. “आईला दे.”

“कशी आहेस, आई?”

“बरी हाय रे. तू माही काळजी नको करू. इंगोलेबाईनं वायर देली ना, पंखा लागला हाय.”

मी फोन ओढून घेतला, पण उशीर झाला होता. थोड्याच वेळात गोपनारायण साहेबांची स्कूटर काकूंच्या दारात उभी राहिली. एका मीटरवरून दुसऱ्या घरात लाइट देणं कॉलनीच्या नियमात नाही, असं सापडलं तर देणाऱ्याचीही बंद करावी लागते, असं ते काकूंना अगदी हळू आवाजात समजावत होते. काकू भिंतीपाशी आल्या. “माझ्याकडे सुनेचं बाळंतपण आहे, प्रणिता,” त्या म्हणाल्या. “बाळ आहे आठवड्याचं. राग नको मानू.” आणि स्वतःच वायर गुंडाळायला लागल्या. फॅन फिरत फिरत थांबला.

त्यानंतरची दुपार मला सांगताच येत नाही नीट. स्लॅबचं घर, वर उन्हाचा नुसता जाळ. भिंतीला हात लावला तर तवा. मी खिडक्यांना ओल्या चादरी टांगल्या, त्या डोळ्यांदेखत वाळल्या. सासूबाईंनी दोन घास भात खाल्ला आणि रोजच्यासारखं झालं. रोजच्यापेक्षा जास्तच. उन्हानं पोट बिघडलं होतं त्यांचं.

मोटर नव्हती. नळाखाली बादली धरली तर वाफाळतं पाणी आलं. शेवटी माठातलं पिण्याचं पाणी घेतलं. तेवढ्यात होईल तेवढं धुतलं. त्या रडत होत्या, पण आवाज न करता. मग त्यांचे ओठ पांढरे पडले, डोळे अर्धवट उघडे राहिले आणि त्या कोणातरी सखूला हाका मारायला लागल्या. सखू त्यांची लहानपणी वारलेली बहीण.

मी त्यांच्या गालावर चापट्या मारल्या. “आई! आई, ऐका. मी त्यांना खरं सांगते. वचन मोडते तुमचं. नाहीतर तुम्ही जाल हो हातातून!”

त्या शुद्धीवर आल्या. “गेलो तरी चालन,” म्हणाल्या. “सांगशीन तं तुहं तोंड नाई पाहनार.”

मी सांगितलं. फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. पाणी कशाला, मशीन कशाला, कधीपासून. मग तो म्हणाला, “स्पीकरवर टाक.”

“आई, ही म्हणते तुला अंथरुणात होतं. खरं आहे का?”

सासूबाईंना उठता येत असतं तर त्या उठून बसल्या असत्या. कुठून ताकद आली कोण जाणे, त्यांचा आवाज खणखणीत झाला. “मी काय लहानी पोरगी हाओ? खोटारडी हाय ते! सोताचं लपवाले माह्यावर घालते!”

“ऐकलं?” प्रफुल्ल म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. “अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर घाण टाकतेस? लाज नाही वाटत? आता तर आठ दिवस लाइट नाही.”

“तुमची आई मरेल हो.”

“मग कबूल कर. आईला मारायचं की नाही, ते तुझ्या हातात आहे.”

सासूबाईंची मान पुन्हा कलंडली होती. तोंड उघडं, जीभ कोरडी. मी रिकाम्या माठात हात घालून पाहिला. मग फोन तोंडाशी धरला.

“हो,” म्हणाले. “येतो एक जण.”

“कोण?”

“तुमच्या ओळखीचा नाही.”

“दुपारी?”

“दुपारी.”

“आंघोळ करून जातो?”

“हो.”

“पुन्हा एकदा नीट बोल. सगळं.”

मी पुन्हा एकदा सगळं बोलले. कूलर कण्हला आणि फिरायला लागला. स्वयंपाकघरात फ्रिज थरथरला. मी फोन टाकून धावत जाऊन मोटर लावली, गार पाण्याची बादली आणली, सासूबाईंचं डोकं, मान, छाती भिजवली, चमच्यानं पाणी पाजलं. दिवस कलता कलता त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे मला त्या नजरेत दिसलं. मी वाट पाहिली, की आता काहीतरी म्हणतील.

“कूलरमंदी पानी टाक,” त्या म्हणाल्या. “वास येऊन राह्यला.”

तिसऱ्या दिवशी प्रफुल्ल आला. येताना त्यानं बडनेऱ्याहून माझ्या भावाला, देविदासदादाला, बोलावून घेतलं होतं. आईवडील गेल्यावर दादानंच मला वाढवलं, लग्न लावून दिलं. तो बैठकीत खुर्चीच्या टोकावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. प्रफुल्लनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि माझंच बोलणं मला ऐकवलं. येतो एक जण. दुपारी. हो. माझाच आवाज, ओळखू न येण्यासारखं त्यात काही नव्हतं. दादाचं तोंड काळवंडत गेलं.

“दादा, लाइट बंद केली होती यांनी. आई मरायला टेकल्या होत्या. मी तेवढ्यापुरतं—”

“माझ्या आईच्याच तोंडून ऐका,” प्रफुल्ल म्हणाला आणि आम्हाला आत घेऊन गेला.

खोली लख्ख होती. मी सकाळीच त्यांना धुवून, वेणी घालून, इस्तरीची चादर घातली होती. खिडकीत तुळशीचं रोपही आणून ठेवलं होतं. दादानं खोलीभर नजर फिरवली. वास घेतलेलाही मला कळला.

“मावशी,” तो सासूबाईंना म्हणाला, “माझ्या बहिणीचं आयुष्य आहे. तुम्ही मोठ्या आहात. जे असेल ते सांगा.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे पाहत म्हणाल्या, “येत होता. मी माह्या डोयानं पाह्यला. उंचपुरा हाय. मांगच्या दारानं येते.”

दादा खाली मान घालून बैठकीत गेला. मी बॅग भरायला घेतली. साड्या नकोत, म्हटलं, चार ड्रेस पुरे. प्रफुल्ल बाहेर त्याच्या काकांना फोन करून सांगत होता, की झालं ते बरंच झालं, वेळेवर कळलं. त्यानं आतापर्यंत निम्म्या नातेवाइकांना कळवलं होतं.

“प्रणिता.”

आतून हाक आली. कुजबुजल्यासारखी. मी दारात जाऊन उभी राहिले. सासूबाईंचं तोंड भिंतीकडे होतं.

“पानी चढव,” त्या म्हणाल्या. “लवकर. लोक हायेत घरात.”

मला फक्त दार सताड उघडं ठेवून दादाला हाक मारायची होती. दारावर माझा हातही होता. त्यांनी मान वळवून पाहिलं. त्या डोळ्यांत काय होतं, माफी होती की हुकूम, मला आजही सांगता येणार नाही. मी दाराला आतून कडी लावली, मागच्या दारानं जाऊन मोटर सुरू केली, बादली भरली.

सवयीनं हात चालत राहिले. पुसलं, कोरडं केलं, पावडर लावली, नवी चादर घातली. मळलेली चादर घेऊन न्हाणीत गेले तर मागच्या दारात प्रफुल्ल उभा. मोटरचा आवाज ऐकून आला होता. हातात मोबाइल. त्यावरची मीटरची रेघ उभी चढलेली मला न्हाणीतून दिसत होती. त्यानं रेघेकडे पाहिलं, माझ्या हातातल्या चादरीकडे पाहिलं. नाकाला हात लावला. मग त्याचा हात तसाच नाकापाशी राहिला.

खरं कळून चुकलेला माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. 

“प्रणिता,” तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मला वाटलं, आता दादाला हाक मारील.

“बाहेर काही बोलू नको,” तो म्हणाला. “आईचं असं कोणाला कळायला नको. तिला सहन नाही होणार.”

“आणि माझं?”

त्यानं मोबाइल खिशात टाकला. “आता सगळ्यांना सांगून झालं आहे,” म्हणाला. आणि बैठकीत जाऊन दादाला म्हणाला, “घेऊन जा हिला.”

पुढचं मला इंगोले काकूंकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. नणंद आली, पंधरवड्यात परत गेली. पगारी बाई ठेवली, ती दुपारी घरी जायची. सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. पोळ्याच्या आधी त्या गेल्या. काडीमोडाच्या वेळी कोर्टात प्रफुल्लनं ते रेकॉर्डिंग पुन्हा वाजवलं. खोटं आहे हे माहीत असलेल्या माणसानं ते इतक्या शांतपणे कसं वाजवलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आता करत नाही. अमरावतीला एका रुग्णालयात आया म्हणून लागले, तिथेच अजून आहे.

पण हे नंतरचं. त्या दिवशी एसटीत दादा खिडकीशी बसला होता आणि मी त्याला सगळं सांगितलं. वचन, बोअरचं पाणी, वायर, माठ, न्हाणीतली चादर. सांगताना मी रडले नाही, कारण पहिल्यांदा कोणीतरी मध्ये न बोलता ऐकत होतं. दादानं सगळं ऐकलं. दोनदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मूर्तिजापूरला उतरून माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आला. मला वाटलं, सुटले.

बडनेऱ्याला पोचलो. घराचा जिना चढताना दादा मध्येच थांबला. माझी बॅग त्याच्या हातात होती. वर वहिनी भांडी लावत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून तो अगदी माझ्या कानाशी वाकला.

“मी त्याला काही करणार नाही,” तो म्हणाला. “शप्पथ. फक्त नाव सांग.”